कोंबडा आरवला तेव्हा

यंदा हलका, कमी दिवसांत पिकणारा धान लवकर कापणीला आला. बांधावर उभं राहिलं की कापलेल्या बुडख्यांतून तो वास येतो, थोडा ओल्या गवताचा, थोडा पेजेचा. ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगून समजायचा नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्यासमोर मी कशाला शब्द खर्च करू? एके काळी या वासासाठी मी शाळा सुटल्यावर मुद्दाम शेताच्या वाटेनं घरी यायची. आता तो आला की खिडकी लावून घेते. तरी येतोच.

कारण एका वर्षी या वासाच्या दिवसांत आम्ही दोघं इथे नव्हतो. आमचा धान शेजाऱ्यांनी कापला, त्यांनीच चुरून दाणा वेगळा केला, पोती त्यांनीच रचली. आम्ही स्पेनमध्ये होतो. साकोलीच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, भिंतीवरच्या नकाशात छडीनं स्पेन दाखवला, ‘आता पुढे फ्रान्स’ म्हणून छडी सरकवली. त्या देशातल्या लोग्रोन्यो नावाच्या गावात, दवाखान्याच्या एका बाकावर, आपण महिनाभर बसून राहू असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला पाणी प्यायला दिलं असतं आणि सावलीत बसवलं असतं.

तिथे आमची पुनी होती. पौर्णिमा. एकुलती एक. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षीची. माझी सासू म्हणायची, ‘‘आदा जिल्हा गेला अन् एक पोट्टी आली, हिसाब काही जमला नाही.’’ म्हणायची आणि पोरीला मांडीवरून खाली उतरू द्यायची नाही. पुनी लहानपणी बांधावर बसून धानाच्या पातीवरचे डाग पाहत राहायची. करपा रोग कोणता, कडाकरपा कोणता, हे तिला अक्षर ओळखण्याआधी ओळखू यायचं. बारावीला चांगले गुण पडले तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर हो. तर म्हणाली, ‘‘मानसाले तोंड आहे व आई, तो सांगते त्याले काय होऊन राहिलं. झाडाचं कोन आयकन?’’ मग कृषी कॉलेज, मग नागपूर, मग शिष्यवृत्ती, आणि द्राक्षाच्या पानांचे रोग शिकायला ती स्पेनला गेली. फोनवर फोटो पाठवायची, ते सगळे पानांचे. मी विचारायची, तुझा एखादा पाठव ना. तर पानामागे बोटं दिसायची तेवढीच ती.

द्राक्षांची तोडणी संपत आली होती आणि ती सायकलवरून मळ्यातून परत येत होती. वळणावर एका गाडीनं उडवलं. डोक्याला मार. आम्ही पोहोचलो तेव्हा ती यंत्रांच्या मधोमध झोपली होती, अर्ध्या डोक्याचे केस काढलेले. नर्सनं तिला स्वच्छ पुसलं होतं, पण नखांच्या कडांना द्राक्षाचा जांभळा डाग तसाच होता. मी तो डाग धरून बसायची. डॉक्टरीणबाई रोज तेच सांगायच्या आणि फोन रोज तेच हिंदीत करून ऐकवायचा: ‘‘अभी इंतज़ार करना होगा।’’ सकाळी थोडा वेळ आत सोडायचे, संध्याकाळी थोडा वेळ. मधला सगळा दिवस बाकावर.

मी सरळ सांगते, मी तेव्हा वेडी झाले होते. लिफ्टचं दार उघडण्याआधी समोरच्या माणसाला शिंक आली तर पुनी उठेल, असं मी ठरवायची. खिडकीतून लाल गाडी दिसली तर उठेल. मग लाल गाडी यायची आणि मी म्हणायची, ही मोजायची नाही, ही तपकिरी होती. आमच्या घरात असलं काही कधी चाललं नव्हतं. माझं माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आईचं अंगण, शाळा, आंब्याची झाडं, सगळं. तेव्हाही मी कोणापुढे पदर पसरला नाही.

आणि ‘हे’? यांची तर बातच सोडा. यांच्या वडिलांनी छप्पनला नागपूरला दीक्षा घेतली, घरातले देव त्याच आठवड्यात वैनगंगेत सोडले, आणि मुलाला शिकवलं की हात जोडायचे ते विचार करून. हे जवाहरनगरच्या कारखान्यात तपासणीला होते. जी वस्तू मापात बसत नाही ती बाजूला, हा यांचा स्वभाव नोकरीनं बनला की नोकरी स्वभावामुळे मिळाली, देव जाणे. (हे वाचतील तर म्हणतील, देव कायले जानन?) पुनी पाच-सहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला. क्वार्टरच्या शेजारीण काकूंनी मायेपोटी दाराला लिंबू-मिरची बांधली, पोरीवरून एक लिंबू उतरवून उंबऱ्यात ठेवलं. हे ड्यूटीवरून आले, दोन्ही लिंबं उचलली, साखर घातली, सरबत केलं आणि काकूंच्या समोर उभं राहून पेलाभर प्यायले. वर म्हणाले, ‘‘काकू, मीठ कमी पडलं.’’ काकू दोन महिने बोलल्या नाहीत. पुनी मोठी झाल्यावर ही गोष्ट वसतिगृहातल्या पोरींना सांगून हसवायची.

पुनी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायची त्या बाईंचं नाव पिलार. साठीच्या पुढची, बुटकी, आवाज मोठा, एकटी. त्यांनी आम्हाला पुनीच्याच खोलीत ठेवून घेतलं. भाषा नाही, तर त्या फोनमध्ये बोलायच्या आणि फोन आमच्याशी हिंदीत बोलायचा, रेल्वे स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. एका रविवारी सकाळची भेट झाल्यावर त्या आमच्या बाकापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. फोन म्हणाला, ‘‘आप दोनों सूख रहे हैं। चलिए। शाम तक लौट आएँगे।’’

हे म्हणाले, ‘‘कायले? तिले सोडून फिरासाठी?’’

मीच म्हटलं, ‘‘अजी, संध्याकाळपर्यंत आत सोडूनच नाही राहिले ते. इथं बसून काय भिंती मोजता?’’

गाडी गावाबाहेर पडली आणि दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मळे लागले. पानं लाल झालेली, पार क्षितिजापर्यंत. पुनीच्या फोटोंतली पानं ती हीच. मला वाटायचं ती रोगट पानांचेच फोटो पाठवते. आता कळलं, शरदात ती तशीच होतात, मरण्याआधी. हे काचेला नाक लावून पाहत होते. रस्त्याच्या कडेनं माणसं चालत होती, पाठीवर बोचकी, हातात काठ्या, पिशवीला शिंपला बांधलेला. पिलारबाई म्हणाल्या, यात्रेकरू आहेत, पार पश्चिमेच्या टोकापर्यंत जातात, महिना-महिना चालतात. त्यांत एक म्हातारं जोडपं होतं, बाई पुढे आणि बाप्या मागे. त्यांच्या मुलांचं काय झालं असेल, म्हणून चालत असतील, असं माझ्या मनात आलं. आता मला प्रत्येक माणूस कशासाठी तरी भीक मागायला निघालेला दिसत होता.

गावाचं नाव सांतो दोमिंगो दे ला काल्सादा. तुमच्याइतकंच मलाही ते लांब वाटलं. दोमिंगो नावाचा साधू इथे राहायचा. यात्रेकरूंसाठी त्यानं नदीवर पूल बांधला, उतरायला जागा बांधली, आणि झाडी तोडून रस्ता काढला तो नुसत्या विळ्यानं. विळ्याचं ऐकून ह्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘‘विळ्यानं झाडी तुटन काय? आमच्या आज्यानं तोडली, त्याले विचारा,’’ असं मला मराठीत म्हणाले. नदीत पाणी नव्हतं म्हणावं इतकं कमी, पांढरे गोटे तेवढे. साधूनं बांधलेल्या उताऱ्याच्या जागेत आता मोठं हॉटेल आहे. अरुंद दगडी गल्लीतून गेलो तर कॅथीड्रल एका बाजूला आणि तिचा मनोरा रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, एकटाच उभा. खाली जमिनीत पाणी होतं म्हणून तो दूर बांधला, आणि पायात चुन्याबरोबर गुरांची शिंगं भरली, अशी तिथली सांगोवांगी. एरवी ह्यांनी मनोऱ्याभोवती चार चकरा मारल्या असत्या. पवनीच्या टेकडीवर स्तूपाच्या विटा पाहायला गेलो की पुनीला आणि मला हे अर्धा दिवस उन्हात उभं करायचे. त्या दिवशी एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ बस्स.

आत थंडी होती. दगडाचे खांब इतके उंच की वरचं टोक पाहताना मान मोडावी. रंगीत काचांतून थोडा उजेड, मेणबत्त्यांचा वास, साधूची समाधी, आणि समाधीच्या समोरच्या भिंतीत वर, बारीक नक्षीच्या दगडी कोनाड्यात, दिव्याच्या उजेडात, जाळीमागे एक पांढराशुभ्र कोंबडा आणि एक कोंबडी.

जिवंत. त्या एवढ्या मोठ्या प्रार्थनेच्या जागेत तुरा हलवत कोंबडा दाणे टिपत होता.

आता मी भंडारा जिल्ह्यातली बाई. समाधीपुढे कोंबडा बांधलेला दिसला तर माझ्या डोक्यात एकच गोष्ट येणार. गावाकडे खळ्यावर धानाची रास पडली की ज्यांच्याकडे चालतं ते कोंबडा देतातच. मी फोनमध्ये विचारलं, ‘‘हा कधी कापतात?’’

फोननं ते इमानेइतबारे स्पॅनिशमध्ये सांगितलं. पिलारबाईंनी छातीवर हात ठेवला, पाठीमागच्या दोन यात्रेकरूंनी वळून पाहिलं. मग बाईंनी मला बाकावर बसवून गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी नवरा-बायको आपल्या तरुण मुलाला घेऊन यात्रेला निघाले, या गावात उतरले. उताऱ्यावरच्या पोरीचं त्याच्यावर मन बसलं. तो नाही म्हणाला. तिनं रागानं त्याच्या झोळीत चांदीचा पेला लपवला, चोरीचा आळ घातला, आणि मुलाला फासावर दिलं. आईबाप रडत पुढे गेले, यात्रा पुरी केली, परत आले आणि पाहतात तर काय, दोराला लटकलेला मुलगा जिवंत. बोलतोय. ते धावत न्यायाधीशाकडे गेले. तो जेवायला बसला होता, ताटात भाजलेला कोंबडा आणि कोंबडी. तो हसला, म्हणाला, तुमचा मुलगा या ताटातल्या कोंबड्याइतकाच जिवंत असणार. तसे ताटातले दोघंही उठले, पिसं फुटली, कोंबडा आरवला. तेव्हापासून इथे कोंबडा-कोंबडी ठेवतात. थोड्या थोड्या दिवसांनी जोडी बदलतात, मारत नाहीत. फासाच्या लाकडाचा तुकडाही वर लावलेला आहे. पिलारबाईंनी बोटानं दाखवला.

मला त्या आईचं नवल वाटलं. मुलगा दोराला लटकत असताना ती पुढे यात्रेला गेलीच कशी? मग वाटलं, मी तरी कुठे पुनीपाशी बसले आहे?

फोन शेवटी म्हणाला, ‘‘आप अंदर हों और मुर्गा बाँग दे, तो बहुत शुभ होता है।’’

हे ऐकत होते. म्हणाले, ‘‘कोंबडा तो कोंबडा. भूक लागली का आरवते, दुसरा दिसला का आरवते. त्याले काय मालूम कोन जगते अन् कोन नाही.’’

‘‘मी काही म्हटलं का?’’ मी म्हटलं.

बोलून हे दुसऱ्या बाजूची चित्रं पाहायला गेले. मी त्या जाळीखाली उभी राहिले आणि खालून त्या कोंबड्याला विनवत राहिले. मनात नाही, ओठ हलवून. आरव रे बाबा. एकदा आरव. पोट्टी माझी तिथं एकटी आहे. तो पंख साफ करत होता. यात्रेकरू यायचे, वर पाहायचे, थोडं थांबायचे, हसून निघून जायचे. हे दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि वर पाहत, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, ‘‘हा दुपारी आरवत नसंन काय?’’

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोंबड्यावरच होते.

ह्यांच्या लहानपणी गावात मामाकडे झुंजीचे कोंबडे होते. कोंबडा मुका बसला तर त्याला बोलता कसं करायचं हे तिथल्या सगळ्या पोरांना यायचं: दुसरा कोंबडा व्हायचं. आपल्या इलाक्यात दुसऱ्याची बांग ऐकली की कोणता कोंबडा गप्प बसतो? लग्नानंतर एकदा, एकदाच, ह्यांनी ते मला करून दाखवलं होतं आणि मग लाजले होते.

ह्यांनी दोन्ही तळहात तोंडापाशी धरले आणि बांग दिली.

त्या दगडी घुमटांत ती बांग वर गेली आणि चारी बाजूंनी परत आली. सगळी माणसं वळली. कोणी तरी हसलं. देखरेखीची बाई टाचा वाजवत धावत आली. पिलारबाई तिला आडव्या झाल्या, दोन वाक्यं बोलल्या, आणि ती बाई जिथल्या तिथे थांबली. ह्यांनी पुन्हा बांग दिली. जाळीमागे कोंबड्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं खाली पाहिलं. तिसऱ्या वेळी यांचा आवाज मध्येच फाटला. अर्धी बांग होती, अर्धं रडणं. सरबत करून पिणारा माझा नवरा, ज्यानं उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, तो परक्या देशात, परक्या देवाच्या घरात, कोंबडा होऊन मागत होता. मला त्यांना धरून थांबवावंसं वाटलं नाही. मला वाटलं, अजून मोठ्यानं द्या.

आणि तो आरवला. मान ताणून, छाती काढून, कडक. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका उंच यात्रेकरूनं ह्यांना मिठीच मारली. हे मटकन खाली बसले, दगडी फरशीवर, आणि हुंदके देत हसू लागले. पिलारबाईंनी माझे दोन्ही गाल चुंबले. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला बदामाचं सारण भरलेली, खारीसारख्या पापुद्र्यांची मिठाई घेऊन दिली. त्या मिठाईला तिथे ‘छोटे फाशी गेलेले’ असं काहीतरी म्हणतात, आणि तेही आम्हाला विनोदी वाटलं. महिनाभरानं मला भूक लागली होती.

परतीच्या वाटेवर आम्ही कधी नव्हे इतकं बोललो. पुनीला घरी नेल्यावर काय करायचं, केस वाढेपर्यंत टोपी कोणती घालायची, शाळेच्या बाजूची खोली तिला द्यायची की आमची. हे म्हणाले, ‘‘उठली का पयले मी सांगीन. म्हनीन, पुने, तुया बाप कोंबडा झाला. हासू हासू पुन्हा झोपन ते.’’ पिलारबाईंना काही कळत नव्हतं, पण त्याही हसत होत्या. मळ्यांवर तिरपं ऊन पडलं होतं. पानं लाल होती आणि मला ती नुसती सुंदर दिसली.

दवाखान्याच्या त्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर उभ्या होत्या. त्या कधीच बाहेर उभ्या नसायच्या.

त्या बोलल्या आणि पिलारबाईंनी फोन पुढे केलाच नाही. गरज नव्हती.

पुनी गेली ती दुपारी. पिलारबाईंना बरेच फोन आले होते, पण आत जाताना त्यांनी फोनची घंटी बंद केली होती आणि नंतर आनंदात कोणालाच आठवण राहिली नाही. आम्ही कॅथीड्रलमध्ये होतो तेव्हाच केव्हातरी ती गेली. डॉक्टरीणबाईंनी वेळ सांगितली. ह्यांनी ती ऐकली, आणि पहिला प्रश्न विचारला तो मला: ‘‘तो आरवला तवा किती वाजले होते?’’

मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. ह्यांनी पिलारबाईंना कॅथीड्रलमध्ये फोन करायला लावला; ती देखरेखीची बाई म्हणाली, घड्याळ कोण पाहतं, पण तुमच्या मुलीसाठी मी मेणबत्ती लावली आहे, तिला कसं आहे? पिलारबाईंनी आम्हाला हे सगळं नंतर सांगितलं. त्या वेळी त्या नुसत्या फोन धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

अखेरच्या निरोपाचं त्रिशरण-पंचशील आम्ही दोघांनीच म्हटलं, लोग्रोन्योच्या एका कोपऱ्यातल्या पांढऱ्या खोलीत. घरी आलो तेव्हा शेतं रिकामी होती आणि वास निघून गेला होता.

लोक विचारतात, तिला तशी सोडून तुम्ही चर्च पाहायला कसे गेलात? विचारू देत. मी त्यांना सांगत नाही की तिच्या शेवटच्या दिवशीची ती परतीची वाट माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या वाटांपैकी एक होती, आणि ती मी कोणालाही परत करणार नाही. खोटी होती, तरी माझी होती.

हे कोंबड्याचं कोणापाशी बोलत नाहीत. फक्त कापणीच्या दिवसांत, बांधावर डबा उघडून बसलो की, वर्षातून एकदा, विळा पुसत विचारतात, ‘‘आरवला तवा पुनी होती ना?’’

पहिल्या वर्षी मी म्हटलं, कोनाले मालूम. त्या वर्षी ते जेवले नाहीत. जन्मभर मी शाळेत मुलांना सांगत आले, पुरावा नसेल तर उत्तर लिहू नका, कोरं सोडा. आता मी ‘होती’ म्हणते. ठाम म्हणते, पुस्तकातलं सांगावं तसं.

काल मी ‘होती’ म्हटलं तेव्हा हे नेहमीसारखे उठले नाहीत. हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मग माझ्याकडे न पाहता, पहिल्यांदाच, पुढचं विचारलं:

‘‘तिनं आयकलं असंन?’’

कुठे ते गाव, कुठे तो दवाखाना. मध्ये डोंगर, मळे, काचा, यंत्रं. माप घेऊन जगलेल्या माणसाला हे काय मी सांगायला हवं होतं?

‘‘आयकलं,’’ मी म्हटलं. ‘‘हासली असंन तुमाले.’’